गावठाणातल्या घरांत मराठीचे वर्ग भरावेत

मा. संपादक,
सादर नमस्कार.

नवी मुंबईतील अमराठी रहिवाशांनी मराठी शिकावी की नाही, आणि शिकावी तर सक्तीने की आवडीने, यावर गेले काही महिने आपल्या दैनिकात वाचकांची बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. दुकानांच्या पाट्या, बँकांतील अर्ज, रिक्षावाल्यांशी होणारे वाद, सोसायट्यांच्या सभांचे इतिवृत्त असे सगळे त्यांत येऊन गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या चर्चेला अधिकच धार आली आहे आणि त्यात वावगे काही नाही. मात्र ज्याला मनापासून शिकायचे आहे त्याने कोठे जावे, कोणाजवळ बसावे आणि काय करता करता शिकावे, हा प्रश्न जवळजवळ कोणीच हाती घेतलेला दिसला नाही. मला या पत्रात तेवढाच विषय मांडायचा आहे. त्यासाठी थेट मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालापर्यंत जाऊन यावे लागेल, तेवढी सवड वाचकांनी द्यावी.

मी नेरुळला राहते आणि बँकेतून निवृत्त झाले आहे. थोरली मुलगी नोकरीनिमित्त मेक्सिकोत असते. तिच्याकडे गेल्यावर बाजारात बोट दाखवत मुक्यासारखे फिरणे मला मानवेना, म्हणून येथे स्पॅनिशच्या वर्गात नाव घातले. वर्ग चांगला होता, क्रियापदांचे तक्ते पाठ झाले, परीक्षेत गुणही बरे मिळाले. पण समोरचा माणूस बोलू लागला की तक्ते आठवेपर्यंत तो पुढच्या वाक्यावर गेलेला असे. मुलीनेच सुचवले, म्हणून पुढच्या खेपेला मी ग्वाटेमालातील सान हुआन ला लागुना या गावी काही आठवडे राहिले.

हे गाव आतित्लान सरोवराच्या काठी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खळग्यात हे पाणी साठले आहे आणि पानाहाचेलच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडच्या खेड्यांत जाता येते. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणे हा ग्वाटेमालात १९७० च्या दशकापासून रुळलेला व्यवसाय आहे. आंतिग्वा या जुन्या राजधानीच्या शहरात तो वाढला आणि पुढे डोंगरातील व सरोवराकाठच्या गावांत पोचला. पद्धत सगळीकडे साधारण एकच असते. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, सकाळी चार तास पाठ, राहणे गावातल्या एखाद्या कुटुंबात आणि जेवण त्यांच्याच पंगतीला. दुपार मोकळी असते. त्या वेळात विणकाम, सुताची रंगाई, स्वयंपाक, कॉफीच्या बागेतील काम, ज्याला जे हवे ते त्याने शिकावे.

मी विणकाम निवडले. तेथील स्त्रियांचा माग कमरेला बांधायचा असतो. त्याला चौकट नसते, पायाने दाबायच्या पट्ट्याही नसतात. चार-सहा काठ्या, दोर आणि कमरेमागून घेतलेला एक पट्टा, एवढाच सरंजाम. ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, एक टोक झाडाला किंवा घराच्या खांबाला आणि दुसरे या पट्ट्याला बांधतात, आणि धाग्यांचा ताण विणणारीने आपल्या अंगाने राखायचा असतो. मागे रेलले की धागे ताठ होतात, पुढे झुकले की सैल पडतात. (आपल्याकडे नागालँड आणि मणिपूरमध्ये याच जातीचा माग वापरात आहे.) मला शिकवणारी बाई वयाने माझ्या मुलीएवढी, पण हुकूम सोडण्यात तरबेज होती. ओढा, सोडा, उचला, दाबा, मोजा, थांबा, उसवा! वर्गात आज्ञार्थ हा वहीतला एक तक्ता होता. येथे तो नीट ऐकू आला नाही तर धागा तुटत होता. तिने ‘सैल सोडा’ म्हणावे आणि मी ताणावे, की त्याचे फळ ताबडतोब मांडीवर दिसे. एकेक क्रियापद दुपारभर इतक्यांदा कानांवरून जाई की ते पाठ करण्याची गरजच उरली नाही. आपल्या बोलण्याची वेळ आली की ते आपसूक तोंडात येई. हात गुंतलेले असल्यामुळे आपण चुकीचे बोलतो आहोत, याची लाज वाटायलाही फुरसत नसे, आणि प्रौढ वयात भाषा शिकणाऱ्याला सर्वांत जास्त नडते ती ही लाजच.

रंगाईचेही तसेच. निळ्या रंगासाठी साकातिंता नावाच्या झुडपाची पाने, नारिंगीसाठी आच्योते, म्हणजे आपण जिला शेंद्री म्हणतो तिच्या बिया, आणि रंग पक्का बसावा म्हणून केळीच्या खुंटाचे पाणी. सूत किती वेळ बुडवायचे, कधी काढायचे, सावलीत वाळवायचे की उन्हात, हे विचारताना काळवाचक शब्दांची चांगलीच उजळणी झाली.

तथापि भाषा सर्वांत वेगाने आली ती स्वयंपाकघरात. तेथे मक्याचे दाणे रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून तसेच ठेवतात, सकाळी खळखळून धुऊन सालपटे काढतात आणि मग घमेले घेऊन गिरणीत ओलेच दळून आणतात. या दाण्यांना निश्तामाल म्हणतात. चुना कशासाठी, असे मी घरच्या आजीबाईंना विचारले. साल सुटते, पीठ एकजीव होते आणि तोर्तिया, म्हणजे तेथली मक्याची भाकरी, थापताना चिरत नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने सकाळचा अख्खा पाठ त्यावरच घेतला. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला शोषून घेता येते. अमेरिका खंडातून मका युरोपात गेला तेव्हा ही कृती मागेच राहिली, आणि उत्तर इटलीसारख्या ज्या भागांत गरिबांचे पोट जवळजवळ मक्यावरच भरत होते तेथे नायसिनच्या अभावी होणारा पेलाग्रा हा रोग पुढे पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला. हे सगळे मी स्पॅनिशमध्ये ऐकले, त्यावर उलट प्रश्न केले, आणि ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘तरीसुद्धा’ यांसाठीची जी अव्यये वर्षभर निसटत होती ती त्या सकाळी जिभेवर बसली.

पेपियान हा तेथला सणासुदीचा रस्सा. भोपळ्याच्या बिया, तीळ, सुक्या मिरच्या आणि टोमॅटो तव्यावर भाजून वाटतात आणि त्या वाटणात मांस शिजवतात. ग्वाटेमालाच्या सरकारने २००७ मध्ये काही पारंपरिक पदार्थांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले, त्यांत हा आहे. ज्या दगडावर वाटतात तो म्हणजे आपल्या पाट्याला पाय फुटावेत तसा दिसतो. भाजके वाटण आणि हातावर थापलेली भाकरी ज्या बाईच्या अंगवळणी पडली आहे तिला त्या स्वयंपाकघरात परके वाटण्याचे कारण नाही. माझे हात योग्य जागी पडत आहेत हे पाहून घरच्या बायका मोकळेपणाने बोलू लागल्या, मग शेजारणी आल्या, मग माझ्या घरी किती माणसे, मुलीचे लग्न झाले का, नवरा एवढ्या लांब एकटीला कसा सोडतो, इथपर्यंत चौकशी गेली. वर्गात असे प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे त्यांची उत्तरे देण्याचा सरावही होत नाही.

आता एक गोष्ट जी तेथे गेल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नसती. या गावाची घरातली भाषा स्पॅनिश नाही. ती त्सुतुहील आहे. ग्वाटेमालात माया कुळातील बावीस भाषा बोलल्या जातात आणि २००३ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली आहे. विणणाऱ्या बायका माझ्याशी स्पॅनिश बोलत आणि एकमेकींशी त्सुतुहील. आजीबाईंची स्पॅनिश माझ्याइतकीच मोजकी होती, त्यामुळे त्या सावकाश, सोप्या आणि पूर्ण वाक्यांत बोलत. शिकाऊ माणसाला याहून चांगली सोबत मिळणे कठीण. स्पॅनिश त्या मुलखात तलवारीच्या जोरावर आली, हे विसरता येत नाही, आणि मराठीची ठाणे जिल्ह्यातील स्थिती तशी मुळीच नाही. तरीही घरात एक बोली आणि पाहुण्याशी दुसरी, ही तारेवरची कसरत ते गाव सहज करते, हे आपल्याला उपयोगी पडण्यासारखे आहे. का, ते पुढे सांगते.

पैशाचाही विचार तेथे बारकाईने केलेला दिसला. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ असे छत्तीस वर्षे यादवी युद्ध चालले आणि त्यात माया खेडी भरडून निघाली. कर्ते पुरुष गमावलेल्या अनेक स्त्रियांनी मागाच्या आधाराने सहकारी गट उभे केले. केत्साल्तेनांगो शहरातील ‘त्रामा तेक्स्तिलेस’ ही विणकर स्त्रियांची संस्था १९८८ पासून काम करते आहे आणि कापड विकण्याबरोबरच परक्यांना कमरेचा माग शिकवते. सान हुआनमध्येही शिकवणीचे पैसे गटाकडे जमा होत आणि राहण्या-जेवणाचे थेट घरच्या बाईच्या हाती पडत. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने हे कोणाकडून शिकावे लागावे असे नव्हते, पण असो.

आता नवी मुंबईकडे येते. हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० सालची, आणि हे शहर ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर उभे राहिले. शहरात राहायला आलेल्या बहुतेकांना या गावांची ओळख कमी भाड्याच्या खोल्या आणि गाडी न शिरणाऱ्या गल्ल्या एवढीच आहे. प्रत्यक्षात दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, गोठिवली ही आगरी-कोळ्यांची नांदती गावे आहेत. तेथे आजही जाळी विणतात आणि फाटलेली सांधतात, खाडीतली निवट्यांची मासळी आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, साफ करतात, तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकऱ्या थापतात, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कांडपावर कुटून आणतात. ही कामे कोणाला दाखवण्यासाठी केलेली नसतात, रोजच्या गरजेची असतात, आणि त्या कामांच्या सोबतीने अखंड मराठी बोलली जाते. बेलापूरच्या कचेऱ्यांतून दिवाळे गाव चालत गाठता येते. तरीही तेथे नोकरीस असलेला परप्रांतीय अधिकारी मराठी शिकण्यासाठी मोबाइल उघडतो आणि गावाकडे पाठ करून बसतो.

माझ्या नोकरीच्या काळात इतर राज्यांतून बदलून आलेल्या सहकाऱ्यांना मराठीची एक पातळ पुस्तिका मिळत असे. ‘आपले खाते कोणत्या शाखेत आहे?’ हे वाक्य त्यांना खणखणीत येई. ग्राहकाने त्यावर उत्तर दिले की गाडी अडे आणि मला हाक मारली जाई. त्यांच्यापैकी कित्येक जण हुशार होते, शिकण्यास उत्सुकही होते. दोष पुस्तिकेचाही म्हणता येणार नाही. ज्या भाषेत आपण कोणाबरोबर काहीच केलेले नाही ती पुस्तिकेतून किती येणार?

म्हणून माझी सूचना अशी की महापालिका, सिडको किंवा एखाद्या जाणत्या संस्थेने गावठाणांतील इच्छुक घरांमध्ये नोकरदारांसाठी शनिवार-रविवारचे मराठी वर्ग सुरू करावेत. सकाळचे तास नेटक्या व्याकरणाचे आणि वाचन-लेखनाचे असावेत, आणि नंतरचा वेळ घरच्यांबरोबर कामात जावा. एका वेळी एका घरात दोनांहून अधिक विद्यार्थी नसावेत, नाहीतर ते आपापसांत हिंदी किंवा इंग्रजी बोलत बसतील. सुटीत आठवडाभर जाऊ शकणाऱ्यांसाठी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बांबूकाम व भातशेतीच्या जोडीने असेच वर्ग घेता येतील. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे आणि पाहुण्यांना ठेवून घेणारी घरे या भागात तयारच आहेत. त्यांच्या पाहुण्याला हुरडा आणि बैलगाडी मिळते. भाषा मात्र त्याच्याशी कोणी बोलत नाही, कारण चालक मंडळी त्याच्याशी हिंदीत बोलणे हाच पाहुणचार समजतात.

यावर काही आक्षेप येतील, त्यांपैकी पहिला बोलीचा असेल. आगरी-कोळी घरात प्रमाण मराठी कशी शिकणार, असे काही जण विचारतील, किंबहुना माझ्याच सोसायटीतील एका सद्गृहस्थांनी तसे विचारलेही. सरोवराकाठचे उदाहरण मी याचसाठी दिले. सकाळी शिक्षकाकडून प्रमाण भाषा आणि दुपारी घरातून आगरी कानांवर पडली तर बिघडणार काहीच नाही. ज्याला नवी मुंबईच्या मासळी बाजारात, रिक्षात आणि गावदेवीच्या जत्रेत वावरायचे आहे त्याला दोन्ही ऐकण्याची सवय हवीच, आणि आगरी ऐकून नाक मुरडणाऱ्या मराठी माणसांनाही या वर्गात बसवावे असे मला वाटते.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. घर चालवणाऱ्या बाईवर व्याकरणाचेही ओझे टाकू नये. ग्वाटेमालातही शिक्षिका वेगळी असते आणि यजमानीण वेगळी. आपल्या गावठाणांत डी.एड. होऊन घरी बसलेल्या मुली कमी नाहीत, निवृत्त मराठी शिक्षक तर ठाण्यापासून पनवेलपर्यंत विखुरलेले आहेत. पाठ्यक्रम आखण्यासाठी १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेची मदत मागता येईल.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडणार नाही, पण मला तिचीच खरी धास्ती वाटते. ती म्हणजे या साऱ्याचा तमाशा होणे. ठाण्यातील एका मॉलमध्ये मी वारली चित्रांची ‘कार्यशाळा’ पाहिली. दोन तासांत कॉफीच्या मगावर तारपा नाच काढून घरी न्यायचा. शिकवणारे वारली नव्हते, शिकवण्याची भाषा मराठी नव्हती, आणि मूळ चित्र कोठे व कशासाठी काढतात याचा उल्लेखही झाला नाही. डहाणू-जव्हारकडे लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांवाचून ते लग्न पुरे होत नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर पोचवली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तिला भौगोलिक मानांकनही आहे. मगावरची आकृती काढायला या कशाचीच गरज लागली नाही. गावठाणातील वर्ग त्या वाटेने गेले, म्हणजे फोटोपुरते जाळे हातात धरून आणि आयती भाकरी उलटून पाहुणे परतू लागले, तर ते न झालेलेच बरे. म्हणून जो काम शिकेल त्याने ते निदान वापरण्याजोगे होईपर्यंत करावे, अशी अट घालावी. भाषेसाठीही तोच कालावधी लागतो.

घरच्या बाईचे काम अशा उपक्रमांत हमखास वाढते, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. पहाटे उठून मासळीला जाणाऱ्या कोळणीने दुपारी पाहुण्याला चिंबोरी फोडायला शिकवायची आणि मोबदला घरातील पुरुषाच्या किंवा मध्यस्थाच्या खात्यात जमा व्हायचा, असे होता कामा नये. पैसे तिच्याच खात्यात गेले पाहिजेत, आणि विद्यार्थी स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच असावा. गावांत महिला बचत गट आहेत, ते हा व्यवहार सांभाळू शकतील.

आरंभासाठी मला जून आणि जुलै हे महिने सोयीचे वाटतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते आणि घरात येणारा पैसा आटलेला असतो. शिकवायला माणसे सापडतील अशी वर्षातील हीच वेळ. येत्या जूनमध्ये दिवाळे किंवा सारसोळे येथील चार घरांनी तयारी दाखवल्यास पहिली तुकडी माझ्या सोसायटीतच हजर आहे: दुसऱ्या मजल्यावरील तमिळ दांपत्य, केरळहून आलेल्या एक परिचारिका, ऐरोलीला नोकरी करणारा एक बंगाली तरुण, आणि वर उल्लेखिलेले सद्गृहस्थ, ज्यांना मराठी येते पण आगरी समजत नाही. शुल्क आगाऊ भरण्यास पाचही जणांची तयारी आहे. बंगाली तरुणाची एकच विचारणा आहे की, चिंबोरीचे पाठ पहिल्याच आठवड्यात ठेवता येतील का.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
नेरुळ, नवी मुंबई